हातउसनं

महापेच्या टेकडीवर, जिथे सर्व्हरची थंड इमारत होती
(अजून आहे, फक्त थंड नाही),
तिथे मला कुमुदिनी टिपणीस मिळाली.

खारं वर्ष संपून तीन हिवाळे झाले होते.
पामबीच रस्त्यावरून पाणी उतरलं नव्हतं,
आमच्या डोक्यांतून मात्र सगळं उतरून गेलं होतं.
नाव विचारलं की माणसं मागे वळून बघायची,
दुसऱ्या कुणाला विचारलंय असं वाटून.

एक यंत्र चालू होतं. छपरावर सोलरच्या चार फळ्या.
आत वाचलेली माणसं: त्यांचे फोटो, निरोप,
वीजबिलं, रात्री अडीचला शोधलेले आजार.
त्यांना शरीरं नव्हती.
आम्हाला फक्त शरीरं होती.
हिशेब तसा सोपाच.

रांगेत माझ्यापुढच्या पोराला निवृत्त तलाठी मिळाला.
पायऱ्या उतरताना तो हात मागे बांधून उतरला.

मला कुमुदिनी.
वाशी, सेक्टर सतरा, बँकेत सव्वीस वर्षं,
डाव्या गुडघ्याचं दुखणं
(मला कधी दुखलं नाही, तरी मी जिना जपून उतरते),
मासळीच्या वासाने उठणारं डोकं,
आणि एक मुलगा, निनाद.
त्याचा पहिला दात कुठल्या डबीत ठेवलाय तेही मला माहीत आहे.
डबी पाण्याखाली आहे.
मी त्याच्यासाठी रडले. खरीच रडले.

मग एकदा दिवाळ्याच्या बाजूला सरपण शोधायला गेलो.
तिवरांत अडकलेलं एक जाळं होतं,
हिरवं, नायलॉनचं, मध्ये वीतभर फाटलेलं.
कुमुदिनीने पदर नाकाला लावला.
हात पुढे गेले.

गाठ मारली, ओढली, दोरा दातांनी तोडला,
दुसरी गाठ. मी नुसती बघत होते,
शेजारीण दळत बसल्यावर बघावं तशी.
भोक बुजलं तेव्हा कळलं, तोंडही काही बोलतंय:
‘आज भांग हाय. पानी चरनार नाय.’

भांग केसांत असतो, कुमुदिनी म्हणाली.
पण पाणी खरंच चढलं नाही.
रात्री पाहिलं तर चंद्र अर्धा. अष्टमी.

त्यापलीकडे काही नाही. किती दिवस मी
बोटांना विचारत बसले: कुठलं गाव, कुणाचं घर,
कोण हाक मारायचं आणि काय म्हणून?
बोटांना गाठ माहीत आहे. गाठीपुरतंच माहीत आहे.

नोंदणीला पडवळ मास्तर. त्यांच्यात ऐरोलीचे
मोटार शिकवणारे मास्तर भरलेत,
चिडले की ‘क्लच हळू सोडा’ म्हणतात.
‘नाव बदलायचंय?’
‘हो.’
‘कुठलं लिहू?’
मी हात टेबलावर ठेवले. दोघंही बघत राहिलो.
‘जुनं काढलं तर ती जाईल,’ मास्तर म्हणाले,
‘यंत्रात दुसरी प्रत नाही.’
म्हणजे त्या दाताचं कुणालाच माहीत राहणार नाही.

‘राहू द्या. पुढे लिहा, हातउसनं.’
‘कुणी कुणाकडून?’
‘तो रकाना मोकळा सोडा.’
त्यांनी गिअर बदलल्यासारखं पान उलटलं.

अकरा नोव्हेंबर. निनादचा वाढदिवस.
केक कुठून आणणार? माझ्याच जाळ्यात आलेली बोय भाजली.
कुमुदिनी तोंड फिरवून बसली, पण बसली.
त्याच्या नावाने एक घास बाजूला काढला,
मऊ केला, कण्याकडून टोकाकडे
एकेक काटा चाचपून काढला,
बारीकातला बारीकही,
तीन वर्षांच्या पोराच्या घशाला लागू नये असा.

कुमुदिनीने आयुष्यात कुणाला मासा भरवलेला नाही.

हात थांबले नव्हते.
दुसरा घास करत होते.