दोनशे कमी

दुपारी दोनला टिमकीतल्या आमच्या गच्चीवर
सावली एकच, पाण्याच्या टाकीची.
तिच्यात बाबा, स्टूल, स्टुलावर करवत,
साखळी चढवलेली, ब्रेक सोडलेला, पातं भिंतीकडे.
मी उन्हात. प्लगच्या वायरीला गुंडाळलेली तार
तेवढीच पुरते.
ओढणी पुढे ओढून मी टॅकोमीटरवर अंधार करते,
तेव्हा कुठे आकडा दिसतो.

लकडगंजात लोक करवती घेऊन यायचे बाबांकडे,
दुरुस्तीला नाही, ऐकवायला.
खर्रा गालात सरकवून ते मान कलती करायचे,
पाव आटा इकडे, केसभर तिकडे,
"आता बोलून राह्यली पाह्य," म्हणायचे
आणि पेचकस खिशात.
तीस वर्षं कानात बोळा घातला नाही.
बोळा घातला तर ऐकू काय?

आता डावा कान गेलाय.
उजव्यात रात्रंदिवस एक बारीक झिणझिण,
निजेतसुद्धा.
कसं वाटतं, मी एकदा विचारलं.
"आयडल वाढून हाये. स्क्रू नाही सापडत."
आणि कूलरची मोटर पुसायला बसले,
जशी ती झिणझिण तिचीच.

म्हणून हे साडेआठशे रुपयांचं यंत्र.
पहिल्या दिवशी त्याने सव्वीस हजार दाखवले.
"बंद कर वं, उडून जाईन!"
मग कळलं, चार स्ट्रोकची गाडी समजून
ते प्रत्येक ठिणगी दुप्पट मोजत होतं.
बाबा इतके हसले
की ठवरेकाकू जिन्यातून वर आल्या,
आवाजाची तक्रार करायला आलेल्या,
हसणं पाहून ताक देऊन गेल्या.

आज आधी फिल्टर धुतला. मशीन तापू दिलं.
एल आत घेत गेले, आवाज चढत गेला,
चढता चढता अडखळला,
तिथून थोडी मागे.
मग आयडल: अठ्ठावीसशे, साखळी स्थिर.
बाबांनी दोन बोटं हँडलवर ठेवली,
नाडी बघावी तशी.
मग एच.
पूर्ण थ्रॉटलला करवत भरल्या घशाने खाकरत होती,
बारा हजार एकशे, बारा हजार तीनशे.
जानेवारीत सेट केलेली,
मेच्या या पातळ हवेत पेट्रोल जास्त पडतंय.
मी एच आवळत गेले
आणि खाकरणं सुटलं, सूर सरळ झाला.
तेरा हजार. लेबलवर छापलेले, नेमके.
मी बोटांनी सांगितलं: एक, मग तीन.

बाबा मान हलवतात. नाही.
पेचकसाचं टोक सिलिंडरच्या कडेला टेकवून
मूठ जबड्याच्या हाडाला लावतात, डोळे मिटून.
"किती वाजता जाचं हाये उद्या?"
साडेपाच, मी पंजा दाखवते.
शाळेच्या मैदानातला वाळलेला शिरीष,
महापालिकेची परवानगी पिशवीत आहे,
पोरं यायच्या आत तो आडवा व्हायला हवा.
"मंग? तवा हवा दाट राह्यते.
आत्ताचे तेरा पाह्यटे सुके पडतीन.
पिस्टन खाऊन टाकीन तुहा.
दोनशे कमी कर."

आकडा माझ्या हातात होता
आणि पहाट माझ्या लक्षातच नव्हती.
मी एच डावीकडे फिरवली, जराशी.
बारा हजार आठशे.
खाकरणं परतलं, अगदी तळाशी,
कोणीतरी शेजारच्या खोलीत घसा साफ करावा तसं.
"राहू दे," बाबा म्हणाले,
आणि खर्र्याची पुडी शोधू लागले
जी आईने सकाळीच लपवली होती.

साडेपाचला मैदानात अंगावर बारीक काटा आला.
शिरिषाच्या वाळक्या शेंगा वाजत होत्या.
बाबा कुंपणाच्या भिंतीपाशी,
पडणाऱ्या बाजूच्या उलट, मीच आखून दिल्या जागी.
मी दोर ओढला. दुसऱ्याला लागली.
पूर्ण उघडली, लाकडाला लावण्याआधी.

लांबून त्यांनी बोटं हलवली: किती?
टॅकोमीटर घरीच राहिला होता, कूलरवर.
मी कानातले बोळे बोटाने आत दाबले
आणि मान कलती केली.