बारा शब्द जास्त

नियम चार. कथा स्वतःची असावी.
आधी कुठे दिलेली नसावी.
तीनशे शब्द, शीर्षक धरून.
चौथा चिटणीस बाईंनी मागाहून पेनानं वाढवलेला:
बोलीतला शब्द आला तर अर्थ द्यावा.

सोहार बंदरात, चाळीस मीटर उंच,
क्रेनच्या केबिनमध्ये बसून मी शब्द मोजतो.
मोजायची सवय आहे. रात्रभर तेच,
डबे. लाल, निळे, गंजके, रिकामे.
उचल, ठेव, टॅली मार.
पण डबा डब्याएवढाच असतो,
आणि 'सुकती' लिहिलं
की दाभोळची अख्खी खाडी मागे सरते,
गाळ उघडा पडतो, निवट्या टुणटुण उडतात,
बापूस मांडीभर चिखलात होरी ढकलत राहतो.
हे सगळं मिळून एक?
अर्थ द्यायचा तर ओहोटी.
पण ओहोटी पुस्तकात लागते,
आमच्याकडे सुकतीच.

तीनशे बारा भरले.

'खूप' काढला. दुखलं नाही.
'अचानक' दोनदा होता, दोन्ही गेले.
तसं अचानक काही झालंच नाही माझ्या आयुष्यात,
व्हिसासुद्धा तीन वर्षांनी आला.
मग चार 'आणि'.
खालून अनीश वॉकीवर ओरडला, भाई, सोया क्या?
एक डबा उतरवला.
'माझा' काढला.
नुसता बापूस उरला, कुणाचाही.

अजून चार.

पहाटे खोलीवर श्रीरंगला वाचून दाखवलं.
चिपळूणचा आहे, वेल्डर, मराठीत त्याला पहिल्यापासून बरे मार्क.
पायाला तेल चोळत त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.
शेवटचं वाक्य होतं:
पोचलो तेव्हा भरती होती.
म्हणाला, कसली? कंपनीची?
पाण्याची, मी म्हटलं.
गाळ बुडालेला. होरी तरंगत होती.
कुठवर ढकलत आणली होती त्यानं,
खुणा बघायलासुद्धा काही उरलं नव्हतं.
श्रीरंग बराच वेळ एकाच टाचेला तेल लावत बसला.
मग म्हणाला, पण सिराज, मोज ना,
बरोबर चार आहेत.

मस्कतला कार्यक्रम झाला तेव्हा मी पाळीवर.
पाकीट श्रीरंगनंच आणलं. उत्तेजनार्थ, तिसरं.
पाच रियाल आणि झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा,
त्यात घडी घालून परीक्षकांचा शेरा:
भाषा सच्ची. मात्र शेवट
अर्धवट सुटल्यासारखा वाटतो.

आम्ही दोघं इतके हसलो
की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोकली.

रात्री टॅलीच्या पाठीवर ते चार शब्द
परत लिहून ठेवले, एकाखाली एक.
सकाळी सुपरवायझर कागद उलटा करून म्हणाला, ये क्या है?
माल, म्हटलं.
उतरवायचा राहिलाय.