आठ माणसे, पाचशे चव्वेचाळीस किलो

घणसोलीतल्या या टॉवरच्या लिफ्टमध्ये
पाटी आहे: आठ माणसे, ५४४ किलो.
म्हणजे माणशी अडुसष्ट.
कुणी ठरवला असेल हा माणूस?
मढवीकाका एकटेच सव्वादोन माणसं.

दर दोन तासांनी कूस बदलायची.
चादरीची कड मुठीत गुंडाळून, गुडघे वाकवून
एक, दोन, आणि
तीनला जयवंती श्वास रोखते.
जव्हारची पोर, बेचाळीस किलोची.
दिवाळीपासून आलेली चौथी.
आधीच्या तिघी कंबर धरून गेल्या.

"माफ कर गो बाय," काका दर वेळी म्हणतात.
मी म्हणते, हातांना सवय आहे.
मणक्यांचं मी बोलत नाही,
ते विचारतही नाहीत.
पोरवयात मिठागरात गोणी वाहायचे.
"ओलं मीठ लय जड," एकदा म्हणाले,
"पण गोणीला लाज नव्हती वाटत."

मग खाडीकाठची जमीन गेली,
साडेबारा टक्के आले, टॉवर आला, भाडं आलं.
उठायची कारणं एकेक करून गेली.
ज्याच्या बापाने पेज पिऊन दिवस काढले
त्याच्या ताटाला पुरे कोण म्हणणार?

कोपरखैरण्याच्या ब्युरोत मी नाव घातलं तेव्हा
रजिस्टरात रकाने होते:
वय, आजार, घरात मासळी चालते का.
गेल्या वर्षी सोनावणे मॅडमनी पट्टी धरून
नवा रकाना आखला. वजन.
शंभरच्या वर दोघी, दीडशेच्या वर तिघी.
तिघी मिळत नाहीत, म्हणून आम्ही दोघी.
वाशीहून फोन, नेरूळहून फोन, ऐरोलीहून;
मॅडम म्हणतात, नाव लिहून ठेवते.

माझा निनाद सोळाचा. अठ्ठ्याण्णव.
वेफर्सची पाकिटं मीच आणते,
बारा तासांच्या ड्युटीवरून येऊन
भाकरी कधी थापू?
झोपला की त्याच्या पाठीकडे बघत बसते.
नको तरी हात हिशोब करतात,
कुठे धरायचं, किती जणींनी.
त्याच्या सत्तरीत कूस बदलणारी
जन्मली तरी असेल का अजून?

सकाळी लिफ्टमध्ये आम्ही सहाजण.
दार मिटत नाही. पिंऽ पिंऽ.
सगळे पाटी वाचतात, आठ लिहिलंय,
मग आपापल्या चपलांकडे बघतात.
कमरेचा पट्टा एक घर आवळून
मी उतरते.
सात मजले.
आठच्या कुशीला अजून नऊ मिनिटं आहेत.