वरचा पाइप, खालचा पाइप

शिंदेवाडी सोडली तेव्हा काटा निम्म्यावर होता.
चौथ्या वळणावर लाल रेघेला टेकला.
ब्याण्णवची मारुती, मे महिना, दुपारचे दोन.

लोणकर मिस्त्री फोनवर म्हणाले, हीटर लावा.
हीटर?
हो. इंजिनाचा ताप थोडा तुम्ही घ्या.
घेतला. नडग्या भाजत जुना बोगदा ओलांडला,
काटा केसभर खाली.

बिबवेवाडीत बॉनेट उघडून ते आधी नुसतेच उभे राहिले,
आजाऱ्याच्या खोलीत उभं राहावं तसे.
पंखा फिरतोय. पाणी आहे.
ऑइलच्या झाकणाला साय नाही, म्हणजे हेड वाचलं.
मग वरच्या पाइपला बोट लावलं, झटकन काढलं.
खालच्यावर पंजाच ठेवला. काढला नाही.
"बघा की तुम्हीपण."
माठाच्या बुडासारखा गार.

थर्मोस्टॅट.
रेडिएटर काठोकाठ भरलेला,
आणि वीतभर अंतरावर इंजिन तहानेनं जळत होतं.

ती पेढ्याएवढी झडप त्यांनी चहाच्या पातेल्यात उकळली.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
बराच वेळ.
नाही उघडली.

नवीन बसवली, दोनशे ऐंशी रुपये.
जुनी घरी किल्ल्यांच्या वाटीत आहे,
तोंड मिटून.