पाचवी नळी

मार्चचे अकरा वाजलेत. पाचपावलीच्या शाळेत
प्रयोगशाळेचा पंखा गरम हवाच ढवळतोय.
ढोमणे आधी पाणी घेतात, मग त्यात आम्ल,
काचेच्या कांडीवरून, थेंबाथेंबानं.
तीस वर्षांत एकदाही उलटं नाही.
"पाण्यात आम्ल. आम्लात पाणी नाही.
सून सासरी जाते, सासर सुनेकडे येते का?"
मला हा दाखला आवडत नाही,
पण मुलींच्या तोच लक्षात राहतो.

मॅग्नेशियमची फीत, शेवटचे दोन इंच,
जुन्या मुख्याध्यापकांच्या काळातली खरेदी.
पडली की फसफसली, नळीचा हाताला चटका,
बघता बघता फीत नाही.
जस्त, फुटक्या सेलचं कवच:
बुडबुड्यांची माळ, तोंडाशी जळती काडी धरली
की टप्प!
मागच्या बाकावरून, "आणखी एकदा, मॅडम!"
खिळ्याचं सगळं सावकाश.
हिरवट झाक दिसायला उद्या उजाडेल.
आणि तांबं. गड्डीगोदामच्या कूलरवाल्यानं दिलेली
जळक्या मोटरीची तार. गेली तशीच बसली.
"इतवारीचा शेठ आहे तो," ढोमणे म्हणाले,
"भाव सोडत नाही."

पाचव्या नळीत ॲल्युमिनियम,
डब्याच्या झाकणाचा कात्रीनं कापलेला तुकडा.
दहा मिनिटं झाली. काही नाही.
सगळ्यांनी वहीत लिहिलं: क्रिया नाही.
दर्शना उईकेनं जागा कोरी ठेवली.
"काऊन गं?"
"थांबून पाहते."
वर्षभरात तिचं हे दुसरं वाक्य असेल.

सांगता आलं असतं मला,
त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर असतो,
आम्लाला आधी तो खावा लागतो.
नाही सांगितलं.

घंटा झाली. मुली नळावर पळाल्या.
ढोमणे धुवायला नळ्या उचलू लागले,
चार उचलल्या.
पाचवीच्या तळाशी एक बुडबुडा.
मग तीन. मग मोजता येईनात,
करडा फेस गळ्यापर्यंत चढला,
लाकडी स्टँडवर ओघळला.
"अरे, हे तर उकळून राहिलं!"
ढोमणे दोन पावलं मागे.

दर्शना हलली नाही.
नळीला बाहेरून बोट लावलं, झटकन काढलं,
फुंकर मारली,
भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं
आणि कोऱ्या जागेत लिहिलं:
एकोणीस मिनिटांनी.

संध्याकाळी कूलरसमोर वह्या घेऊन बसलेय.
एकतीस वह्यांत "क्रिया नाही".
लाल पेन उघडं आहे, शाई वाळतेय,
समासात काय लिहू?
चूक?
की नुसतं, घाई?