म्हैस चांगली आलीय

वेतन आयोगाचा फरक आला
तेव्हा घरात तीन मतं होती:
फ्रीज, एफडी, आणि मी.
मी जिंकले.
घरच्यांना अजून वाटतं, तो अपघात होता.

रविवारी सव्वापाचला स्कूटर काढते.
स्वारगेट, फातिमानगर, हडपसरचा पूल.
हेल्मेटच्या काचेवर थंडी, पायाशी थर्मास,
पाठीवर एक किलो दोनशे ग्रॅमचं
माझं स्वतःचं काहीतरी.
कवडीपाटाला पोचते तेव्हा
नदी ठरवत असते, आज नदी व्हायचं की गटार.
वरून धुकं, खालून फेस,
मधे शेकाट्या, लाल काटकुळ्या पायांनी
कुणाच्या तरी निर्माल्याची पिशवी उचकटत.

बंधाऱ्यावर तोफखाना आधीच लागलेला.
लष्करी ठिपक्यांची जाकिटं, हातभर लांब लेन्सा.
"मॅडम, तुमची किती एमएमची?"
मी सांगते.
ते 'असू दे, असू दे' असं हसतात,
पोस्टाच्या काउंटरवर मी हसते तसं,
पिनकोड विसरलेल्या माणसाकडे बघून.

माझे पक्षी बहुतेक नुकतेच गेलेले असतात.
रिकाम्या फांद्यांचा माझ्याकडे चांगला संग्रह आहे.
फांदी किती हललीय त्यावरून सांगते,
खंड्या होता की वेडा राघू.
घरी टीव्हीला जोडून दाखवते.
शशांक विचारतो, कुठाय?
मी म्हणते, इथे होता.
आणि हे म्हणताना मला जे होतं
ते एफडीत झालं नसतं.

माघातल्या एका रविवारी
म्हशीच्या पाठीवर पिवळा धोबी येऊन बसला.
शेपूट वर, खाली, वर.
मी श्वास धरला, बटण दाबलं.
धोबी गेला, म्हैस राहिली.
पुसूनच टाकणार होते,
तर मागून आवाज आला, "बघू."

कुंडलिक शितोळे. म्हैस त्यांची.
हात ओले म्हणून पाठीमागे बांधून
कॅमेऱ्यात डोकावले, बराच वेळ.
"म्हैस चांगली आलीय. कागदावर मिळंल?"

अप्पा बळवंत चौकातल्या लॅबवाल्याने
दोनदा विचारलं, हीच ना? नक्की?
हीच. आठ बाय दहा. मॅट.

पुढच्या रविवारी त्यांनी फोटो
हात लांब करून धरला,
चष्मा नसताना पत्र धरतात तसा.
"डावं शिंग बघा, बाई.
पारडी व्हती तवा फाटकात अडकून मोडलं.
हळद भरून, काथ्या बांधून, म्या बसवलं.
ह्यो बघा सांधा."

हा फोटो मी चाळीसदा पाहिला होता,
मोठा करून करून,
कोपऱ्यात पिवळ्या पंखाची एखादी रेघ तरी
सापडते का म्हणून.
सांधा दिसला नव्हता.

मागे एकदम वीस शटरं कडकडली.
काहीतरी दुर्मीळ उतरलं असणार.
कुणीतरी दबक्या आवाजात ओरडलंही.
वळायला हवं होतं.
पण शितोळे आता कानाजवळचा गोचीड दाखवत होते,
आणि तोही, खरं सांगते,
अगदी फोकसमध्ये होता.

जाताना म्हणाले, गोठ्यात लावतो.
फोटोच्या कडेला तेवढ्यात
त्यांचा शेणाचा अंगठा उमटला होता.
लॅबवाल्याला सांगायला हवं,
मॅटवर छान बसतो.