उजवीकडून डावीकडे

चांदरला, इनास मेस्ताच्या शेडमध्ये
पहिले चार दिवस राऊटर सुरूच झाला नाही.
प्लग उपटून टेबलावर ठेवायचा, डोळ्यांसमोर,
मगच बिटाला हात.
बिट तळाला टेकवायचं, नखभर वर घ्यायचं,
मग पाना.
एवढंच. सोड. पुन्हा.

पाचव्या दिवशी बांगड्या उतरवल्या.
हातमोजे मागितले तर तो हसला नाही:
"नुसतं बोट लागलं तर बोट जातं, बाय.
मोजा अडकला तर तो आख्खा हात आत बोलावतो."

काम होतं मिनेझिसांच्या खिडक्यांचं.
शिंपल्यांच्या त्या जुन्या खिडक्या,
दोन पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेली
चौकोनी, दुधी कालवं.
सागाच्या एकशे बारा पट्ट्या,
प्रत्येकीला तीन मिलिमीटरची खाच.
एका दमात नाही, तीन हप्त्यांत.
थांबलीस तर लाकूड करपतं,
घाई केलीस तर ओरडतं.
आणि ढकलायचं उजवीकडून डावीकडे.
उलटा टांगलाय ना टेबलाखाली,
म्हणून त्याचं सगळं उलटं.
हे मी पाठ केलं.
कदंबा बसमध्येसुद्धा म्हणत होते.

एकोणिसाव्या पट्टीची खाच जरा अरुंद वाटली.
फेन्स केसभर माझ्याकडे ओढली,
पट्टी उजवीकडून डावीकडे,
अगदी पाठ केल्याप्रमाणे,
आणि ती हातातून गेली.
गेली म्हणजे, नव्हतीच.
दाराबाहेर इनासच्या स्कूटरवर ठण्ण झालं
तेव्हा कळलं कुठं गेली.
माझा अंगठा बिटापासून चार बोटांवर,
तिथंच, हवेत, काहीतरी धरल्यासारखा.

त्यानं बटण बंद केलं.
बिट पूर्ण थांबेपर्यंत बोलला नाही.
मग माटीच्या फळकुटावर पेन्सिलीनं गोल काढला,
गोलाला बाण,
आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.
"दात कुठल्या बाजूनं जेवतोय, दाखव."

बराच वेळ लागला.
तोवर पोदेर भोंगा वाजवत येऊन गेला,
पाव घ्यायचे राहिले.
खाच आधीच कापलेली. फेन्स पुढं आली,
म्हणजे दात फेन्सकडची भिंत खात होता,
तिथं तो माझ्याच दिशेनं धावत होता
आणि मी त्याला मागून ढकलत होते.
फेन्स मागं न्यायला हवी होती.
माझ्या बाजूची भिंत त्याच्या तोंडी द्यायला हवी होती,
म्हणजे तो माझ्यावर रेटला असता.
रेटणारं सांभाळता येतं.

दुपारी आम्ही फणी बनवली,
तिरप्या दातांची, लाकडाला पुढं सोडणारी,
मागं न येऊ देणारी.
ढकलायला काठीही केली. तिचं टोक
आता कुरतडलेलं आहे, ते बोट असू शकलं असतं.

शंभराव्या पट्टीच्या आसपास कधीतरी
डोळ्याआधी कान सांगू लागले.

पहिला शिंपला सरकवला तेव्हा तो अडकला नाही,
खडखडलाही नाही.
टेबलावर पेजेच्या निवळीसारखा उजेड पडला.
इनासनं त्यात आपलं घड्याळ पाहिलं,
"साडेचार," म्हणाला, "दुसरा घे."

स्कूटरचा पोचा त्यानं अजून काढलेला नाही.